जाहिरात बिल्ला

जाहिरात बिल्ला म्हणजे एखादे उत्पादन, कंपनी, संस्था, पक्ष किंवा कार्यक्रम यांचा प्रचार करण्यासाठी तयार केलेला आणि मागील टाचणीने कपड्यावर लावता येणारा छोटा, बहुधा गोल आकाराचा बिल्ला होय. कागदावर छापलेले चित्र, त्यावर पारदर्शक आवरण, आधारासाठी पत्र्याची चकती आणि पाठीमागे तारेची टाचणी अशी त्याची प्रचलित रचना असून ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सिद्ध झाली. फुकट वाटण्यासाठी किंवा मालाच्या वेष्टनातून देण्यासाठी हे बिल्ले काढले जात. त्यामुळे ते जपून ठेवण्याची वस्तू मानले गेले नाहीत आणि जुने बिल्ले आज दुर्मीळ झाले आहेत. जुन्या बिल्ल्यांचा संग्रह हा जगभर रूढ असलेला छंद आहे. महाराष्ट्रात या प्रकाराची सर्वांत समृद्ध शाखा व्यापारी बिल्ल्यांची नसून निवडणुकीच्या बिल्ल्यांची आहे.

संज्ञा

मराठीत ‘बिल्ला’ हा शब्द अधिकारदर्शक धातूच्या चकतीसाठी पूर्वीपासून वापरला जातो. कचेरीतील शिपाई खांद्यावरून तिरका पट्टा घेई व त्यावर पितळी बिल्ला असे. त्या पट्ट्यावरूनच त्याला ‘पट्टेवाला’ म्हणत. ‘चपराशी’ हा शब्दही ‘चपरास’ म्हणजे असा बिल्ला यावरून आला आहे. रेल्वे स्थानकांवरील परवानाधारक हमालांच्या दंडावरील क्रमांकाचा पितळी बिल्ला सर्वपरिचित आहे. मुंबईच्या गोदीतील कामगाराची कथा सांगणाऱ्या ‘दीवार’ (१९७५) या हिंदी चित्रपटामुळे ७८६ क्रमांकाचा बिल्ला लोकस्मृतीत कायमचा राहिला. सभासंमेलनांत पाहुण्यांच्या छातीवर लावल्या जाणाऱ्या रेशमी फितीच्या फुलालाही बिल्लाच म्हणतात. प्रस्तुत लेखात मात्र चित्र किंवा मजकूर छापलेल्या, टाचणीच्या प्रचारकी बिल्ल्याचाच विचार केला आहे.

रचना व निर्मिती

रचनेनुसार या बिल्ल्यांचे चार मुख्य प्रकार पडतात.

सेल्युलॉइडचा बिल्ला : छापील कागद व त्यावरील सेल्युलॉइडचा पातळ पापुद्रा पत्र्याच्या किंचित फुगीर चकतीवर ताणून बसवला जातो. दोहोंच्या कडा मागे मुडपून त्यांवर धातूचे कडे दाबून बसवतात आणि त्या कड्यात तारेची टाचणी अडकवतात. जुन्या बिल्ल्यांच्या पाठीत निर्मात्याचे नाव व पेटंटच्या तारखा छापलेला कागद घातलेला असे.

छापील पत्र्याचा बिल्ला : यात कागद व आवरण नसते. सपाट पत्र्यावर शिळाप्रेस पद्धतीने रंगीत छपाई करून मग त्यातून चकत्या कापून दाबतात. हा प्रकार स्वस्त असल्याने १९२०च्या सुमारापासून मोठ्या संख्येच्या मागणीसाठी तो रूढ झाला. मात्र त्यावर लवकर ओरखडे पडतात आणि त्या जागी गंज धरतो.

मिन्याचा बिल्ला : पितळ किंवा तांब्याच्या ठशातील खोलगट भागात काचेची रंगीत पूड भरून ती भट्टीत वितळवतात. शाळा, मंडळे, क्रीडासंस्था व वाहन कंपन्या यांचे टिकाऊ बिल्ले या पद्धतीने होत.

प्लास्टिकचा बिल्ला : साच्यात ओतलेला किंवा प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून कापलेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील निवडणूक प्रचारात पत्र्याच्या बिल्ल्यांबरोबर हा प्रकारही सर्रास दिसे.

अलीकडे हाताने चालणाऱ्या छोट्या दाबयंत्रावर ४४ किंवा ५८ मिलिमीटर व्यासाचे बिल्ले केले जातात. त्यांत सेल्युलॉइडऐवजी पॉलिएस्टरचा पापुद्रा असतो.

इतिहास

पूर्वपीठिका : १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पदग्रहणप्रसंगी कोटाला शिवायच्या धातूच्या स्मरणगुंड्या निघाल्या होत्या. १८६०च्या निवडणुकीत अब्राहम लिंकन यांची पत्र्यावरील छायाचित्रे असलेले छोटे बिल्ले वापरले गेले. तथापि रंगीत चित्राचा स्वस्त बिल्ला शक्य झाला तो सेल्युलॉइडमुळे. जॉन वेस्ली हायट यांनी १८७०च्या सुमारास हे द्रव्य व्यवहारोपयोगी केले. १८९३ मध्ये बॉस्टनच्या अमांडा लूजी यांना सेल्युलॉइडचे आवरण असलेल्या गुंडीचे पेटंट मिळाले. न्यू जर्सीतील नेवार्क येथील व्हाइटहेड अँड होग या कंपनीने ते हक्क घेतले आणि पाठीमागे टाचणी असलेली रचना बाजारात आणली. तिच्या बिल्ल्यांच्या पाठीवर १७ जुलै १८९४, १४ एप्रिल १८९६ आणि २१ जुलै १८९६ या पेटंटच्या तारखा आढळतात. १८९६च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत मॅकिन्ली व ब्रायन या दोन्ही बाजूंनी हे बिल्ले प्रचंड संख्येने वाटले.

व्यापारी नाममुद्रांनी हे साधन त्याच वर्षांत उचलले. ‘स्वीट कॅपोरल’ व ‘हाय अ‍ॅडमिरल’ या सिगारेटी आणि ‘अमेरिकन पेप्सिन’ हा चघळण्याचा डिंक यांच्याबरोबर बिल्ले मिळत. ‘हाय अ‍ॅडमिरल’ने रिचर्ड आउटकॉल्ट यांच्या ‘यलो किड’ या व्यंगचित्र पात्राची मालिका काढली, तर ‘स्वीट कॅपोरल’ने १९१० ते १९१२ या काळात बेसबॉल खेळाडूंची. एक मालिका पूर्ण करण्यासाठी तीच वस्तू पुन्हा पुन्हा विकत घ्यावी लागणे हे या योजनांचे मर्म होते. १९४५ ते १९४७ मध्ये केलॉग कंपनीने ‘पेप’ या न्याहारीच्या पोह्यांच्या खोक्यातून चित्रकथांतील पात्रांचे छापील पत्र्याचे बिल्ले दिले. त्या मालिकेत एकूण ८६ बिल्ले होते.

ब्रिटनमध्ये मुरंब्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या रॉबर्टसन कंपनीचे ‘गॉली’ हे मिन्याचे बिल्ले १९२८ पासून निघाले व पिढ्यान्‌पिढ्या जमवले गेले. त्यांवरील बाहुल्याचे चित्र कृष्णवर्णीयांची विटंबना करणारे असल्याची टीका होत गेली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी कंपनीने ते चिन्ह सोडून दिले. नाममुद्रेच्या पाठीमागील समाजदृष्टी बिल्ल्यात कशी गोठून राहते, याचे हे उदाहरण म्हणून दिले जाते.

भारत व महाराष्ट्र : भारतात रंगीत व्यापारी चित्रांची परंपरा बिल्ल्याहून जुनी आहे. कापडाच्या ठाणांवर चिकटवलेली देवदेवतांची, राजेरजवाड्यांची व प्राण्यांची रंगीत ‘तिकिटे’, काड्यापेट्यांवरील छाप आणि दुकानांवरील एनॅमलच्या पाट्या ही तिची रूपे होत. अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईक माल चित्रावरून ओळखे. म्हणून मराठीत नाममुद्रेला ‘छाप’ हा शब्द रुळला. गोदरेजच्या साबणावरील चावी आणि १९३१ मध्ये सुरू झालेल्या दांडेकरांच्या कॅम्लिनच्या शाईवरील घोडा ही मुंबईतील परिचित उदाहरणे आहेत. ओगलेवाडीच्या काचकारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील व किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर यांनी स्वदेशी मालाचे नाव खेडोपाडी पोचवले.

टाचणीच्या बिल्ल्याचा प्रसार मात्र प्रथम सार्वजनिक जीवनात झाला. काँग्रेसची अधिवेशने, साहित्य संमेलने व परिषदा यांत प्रतिनिधी आणि स्वयंसेवक ओळखीसाठी बिल्ले लावत. स्वातंत्र्य चळवळीच्या काळात राष्ट्रीय नेत्यांची छायाचित्रे असलेले बिल्लेही प्रचारात होते. १९४९ पासून ७ डिसेंबरला पाळल्या जाणाऱ्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचा टाचणीने लावायचा कागदी ध्वज हा याच कुळातला म्हणता येईल.

व्यापारी नाममुद्रा व त्यांच्या भेटवस्तू

भारतीय कंपन्यांनी अमेरिकेप्रमाणे बिल्ल्याला जाहिरातीचे मुख्य साधन केले नाही. घरात वर्षभर भिंतीवर राहणारी दिनदर्शिका हे त्यांचे आवडते माध्यम होते. त्याखालोखाल किल्ल्यांची कडी, पेन, डबे व चिकटचित्रे येत. त्यामुळे महाराष्ट्रातील संग्राहक सहसा केवळ बिल्ल्यांपुरता न राहता नाममुद्रेशी संबंधित सर्वच लहान वस्तू गोळा करतो. पुढील वस्तूंना त्यात विशेष स्थान आहे.

* बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातून मिळणारे प्लास्टिकचे चिमुकले प्राणी. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’मुळे ही नाममुद्रा घरोघरी पोचली होती.
* पार्ले कंपनीच्या ‘गोल्ड स्पॉट’ या पेयाच्या बाटल्यांची झाकणे व त्यांच्याशी निगडित ‘जंगल बुक’ चित्रे, तसेच ‘थम्स अप’ची क्रिकेटपटूंची पाने भराभर उलटायची पुस्तिका.
* ‘बिग फन’ या फुग्याच्या गोळीच्या वेष्टनातील क्रिकेटची चित्रे.
* एअर इंडियाचा ‘महाराजा’. बॉबी कूका यांची कल्पना व उमेश राव यांचे रेखाटन यांतून १९४६ मध्ये तो मुंबईत साकारला.
* एशियन पेंट्सचा ‘गट्टू’. हा खट्याळ मुलगा १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी रेखाटला.
* अमूलची ठिपक्यांच्या झग्यातील मुलगी. सिल्व्हेस्टर डाकुन्हा व युस्टेस फर्नांडिस यांनी ती १९६६ मध्ये आणली.

या यादीतील शेवटची तीन चिन्हे मुंबईच्या जाहिरात व्यवसायात घडली. चित्रकार, मजकूरकार व छपाईचे कारागीर यांच्या या शहरी कलेचा इतिहास लिहिताना अशा क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तू उपयोगी पडतात.

निवडणुकीचे बिल्ले

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या (१९५१–५२) वेळी देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. म्हणून मतपेटीशी चित्ररूप निवडणूक चिन्ह जोडण्यात आले. बाजारातील ‘छाप’ ज्या तत्त्वावर चाले, त्याच तत्त्वावर हे चिन्ह चालले. पक्षांनी चिन्हांचे बिल्ले लक्षावधी लोकांपर्यंत नेले. प्रचाराच्या जीपमागे धावत बिल्ले मागणारी मुले हे महाराष्ट्रातील कित्येक दशकांचे परिचित दृश्य होते. अनेक संग्रहांचा आरंभ त्या शाळकरी वयातील मूठभर बिल्ल्यांतून झालेला असतो.

पक्षांतील फुटी व विलीनीकरणे यांमुळे चिन्हे बदलत गेली. म्हणून चिन्हावरून बिल्ल्याचा काळ ठरवता येतो. काँग्रेसची बैलजोडी १९६९च्या फुटीपर्यंत चालली. १९७१च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या काँग्रेसकडे गाय-वासरू आले आणि १९७८च्या फुटीनंतर हाताचा पंजा. समाजवादी पक्षाचे वडाचे झाड, प्रजा समाजवादी पक्षाची झोपडी, जनसंघाची पणती, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा व पुढे रिपब्लिकन पक्षाचा हत्ती, कम्युनिस्ट पक्षाचे विळा व कणीस, शेतकरी कामगार पक्षाचा खटारा ही महाराष्ट्रातील जुन्या बिल्ल्यांवर आढळणारी चिन्हे होत. जनता पक्षाने १९७७ची निवडणूक चक्रातील नांगरधारी शेतकऱ्यावर लढवली. भारतीय जनता पक्षाचे कमळ १९८० नंतरचे व राष्ट्रवादी काँग्रेसचे घड्याळ १९९९ नंतरचे. शिवसेनेच्या उमेदवारांनी आरंभी निरनिराळ्या चिन्हांवर निवडणुका लढवल्या. धनुष्यबाण हे तिचे अधिकृत चिन्ह १९८९ मध्ये झाले. अलीकडच्या फुटींनंतर मशाल व तुतारी वाजवणारा माणूस ही चिन्हे प्रचारात आली.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १३० अन्वये मतदानाच्या दिवशी मतदान केंद्रात व त्यापासून १०० मीटरच्या आत प्रचार करण्यास किंवा प्रचाराची खूण मिरवण्यास मनाई आहे. चिन्हाचा बिल्ला लावून मतदान केंद्रात जाता येत नाही, ते यामुळेच. डिसेंबर १९९० ते डिसेंबर १९९६ या काळात मुख्य निवडणूक आयुक्त असलेल्या टी. एन. शेषन यांनी खर्चमर्यादेची अंमलबजावणी कठोर केली. पुढे दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनीवर प्रचार वळला आणि बिल्ल्यांचे पूर्वीचे पेव ओसरले. तरीही मुंबईत लालबाग परिसरात व पुण्यात झेंडेवाल्यांच्या दुकानांत प्रचारसाहित्याबरोबर ते आजही मिळतात.

मीरा-भाईंदर : स्थानिक बिल्ल्यांचे उदाहरण

ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर हे शहर स्थानिक बिल्ल्यांचे कालनिश्चितीच्या दृष्टीने महत्त्व दाखवणारे चांगले उदाहरण आहे. मिठागरे, शेती व मासेमारी यांवर जगणाऱ्या या गावांची नगर परिषद १२ जून १९८५ रोजी व महानगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ रोजी अस्तित्वात आली. मीरा भाईंदर हा विधानसभा मतदारसंघ २००८च्या पुनर्रचनेत निर्माण झाला व तेथे पहिली निवडणूक २००९ मध्ये झाली. त्यामुळे ‘नगर परिषद’ असा निवडणुकीचा उल्लेख असलेला बिल्ला १९८५ ते २००२ या दरम्यानचा ठरतो, ‘महानगरपालिका’ असा उल्लेख असलेला २००२ नंतरचा आणि ‘मीरा भाईंदर विधानसभा’ असा उल्लेख असलेला २००९ पूर्वीचा असू शकत नाही.

अपक्षांचे बिल्ले याहून अवघड असतात. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका १९९४ पासून राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत असून अपक्षांना मुक्त चिन्हांतून एक दिले जाते. एकच कपबशी किंवा शिट्टी एका प्रभागात एका उमेदवाराची, तर शेजारच्या प्रभागात दुसऱ्याची असते. बिल्ल्यावर नाव व वर्ष नसेल, तर तो कोणाचा हे नुसत्या चित्रावरून कळत नाही. बिल्ला कोठे, कोणाकडून व कोणत्या निवडणुकीत मिळाला याची नोंद त्याच वेळी केली असेल, तरच त्याला ऐतिहासिक पुराव्याचे मोल येते.

संग्रह

जुन्या वस्तूंच्या शोधासाठी मुंबईतील चोर बाजार व तेथे शुक्रवारी पहाटे भरणारा रस्त्यावरचा बाजार, तसेच पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार ही प्रमुख ठिकाणे आहेत. मीरा रोड व भाईंदर येथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड स्थानकावर उतरून चोर बाजारात जाता येते. याखेरीज रद्दीवाले, भंगारवाले, जुने घर मोडताना निघणारे सामान आणि नाणी-तिकिटांची प्रदर्शने यांतून बिल्ले हाती लागतात.

संग्राहक बहुधा एखादा विषय ठरवून घेतात : एक नाममुद्रा, एक पक्ष, एक गाव, एक काळ किंवा एक निर्माता. अमेरिकेत १९४५ मध्ये स्थापन झालेली ‘अमेरिकन पोलिटिकल आयटम्स कलेक्टर्स’ ही राजकीय वस्तूंच्या संग्राहकांची संस्था आहे. शिकागोमध्ये केवळ बिल्ल्यांना वाहिलेले एक संग्रहालयही आहे.

कालनिश्चिती

बिल्ल्यावर वर्ष क्वचितच असते. पुढील खुणा उपयोगी पडतात.

* पेटंटची तारीख : ती रचनेच्या पेटंटची असते, बिल्ल्याच्या निर्मितीची नव्हे. १८९६ ही तारीख असलेला बिल्ला त्यानंतर कित्येक वर्षांनीही निघालेला असू शकतो.
* चलन : किमतीत आणे असल्यास तो सहसा १९५७ पूर्वीचा किंवा त्या संक्रमणकाळातील, ‘नवे पैसे’ असल्यास १९५७ ते १९६४ मधील आणि ₹ हे चिन्ह असल्यास १५ जुलै २०१० नंतरचा.
* पत्ता : सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. ‘महाराष्ट्र राज्य’ हा उल्लेख १ मे १९६० नंतरचा असतो. इंग्रजी मजकुरात ‘बॉम्बे’ऐवजी ‘मुंबई’ असल्यास तो बहुधा १९९५ नंतरचा.
* पाठ : कडे, टाचणी व कागद यांची घडण निर्मात्यागणिक व काळागणिक बदलते. म्हणून जाणकार आधी बिल्ला उलटा करून पाहतात.

नकली बिल्ले

मागणी वाढली तशा प्रतिकृतीही निघाल्या. अमेरिकेत जाहिरातीसाठी वाटलेल्या जुन्या राजकीय बिल्ल्यांच्या प्रतिकृती पुढे अस्सल म्हणून विकल्या जाऊ लागल्या. १९७३च्या ‘हॉबी प्रोटेक्शन अ‍ॅक्ट’ने अशा राजकीय प्रतिकृतींवर निर्मितीचे वर्ष घालणे बंधनकारक केले. भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. भिंगातून दिसणारे संगणकीय छपाईचे ठिपके, कडेला गंज नसताना चित्रावर मुद्दाम आणलेला पिवळेपणा, नवीन चकचकीत टाचणी आणि चिन्ह व मजकूर यांतील कालविसंगती या नकलेच्या प्रमुख खुणा होत. मुळात अस्तित्वात नसलेला बिल्ला जुन्या नाममुद्रेच्या चित्रावरून नव्याने तयार केला जातो, तेव्हा ताडून पाहण्यासाठी अस्सल नमुनाच नसल्याने फसवणूक ओळखणे अधिक कठीण होते.

जतन

कोकण किनाऱ्याची दमट, खारी हवा बिल्ल्यांस घातक आहे. वसईची खाडी व अरबी समुद्र यांच्या सान्निध्यातील मीरा-भाईंदरसारख्या ठिकाणी पत्रा लवकर गंजतो. कड्याखालून पाणी शिरले की कागदावर तपकिरी डाग पडतात व ते पुढे काढता येत नाहीत. म्हणून बिल्ला धुऊ नये, कोरड्या मऊ कापडाने पुसावा. पितळी व मिन्याच्या बिल्ल्यांना पॉलिश लावल्यास ठशाची धार व जुनी झळाळी दोन्ही जातात. जुने सेल्युलॉइड ज्वालाग्राही असून ते कुजताना आम्लयुक्त वायू सोडते. असा बिल्ला तडकू किंवा चिकट होऊ लागल्यास इतरांपासून वेगळा करतात. बंद प्लास्टिकच्या पिशवीऐवजी आम्लविरहित कागद, हवा खेळती असलेला डबा आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या वापरणे हितावह असते.

कायदेविषयक बाबी

पुराणवस्तू व कलानिधी कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुराणवस्तू ठरू शकते व तिच्या खासगी निर्यातीस बंदी आहे. सुरुवातीच्या काळातील बिल्ले आता या वयोमर्यादेत येत आहेत. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायदा, १९५० च्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी व पंडित जवाहरलाल नेहरू यांची नावे व चित्रे अंतर्भूत असल्याने व्यापारी बिल्ल्यांवर त्यांचा वापर परवानगीशिवाय करता येत नाही.

महत्त्व

ग्रंथ व नियतकालिके यांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना देणे प्रकाशकांवर १९५४च्या कायद्याने बंधनकारक आहे; बिल्ल्यांबाबत असे कोणतेही बंधन नाही. त्यामुळे बंद पडलेला कारखाना, विलीन झालेला पक्ष किंवा महानगरपालिकेत सामावलेली ग्रामपंचायत यांची ही छोटी खूण टिकणे खासगी संग्राहकांच्या आवडीवरच अवलंबून राहते. संग्राहकाच्या पश्चात नोंदी नसलेला संग्रह बहुधा किलोच्या भावाने भंगारात जातो. या कारणास्तव प्रत्येक बिल्ल्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र, मोजमाप, प्राप्तिस्थान व प्राप्तिदिनांक यांची नोंदवही ठेवणे हा संग्रहाचा अविभाज्य भाग मानला जातो.

हे सुद्धा पहा

* जाहिरात
* निवडणूक चिन्ह
* नाणकशास्त्र
* मीरा-भाईंदर
* चोर बाजार